देवरे सरांचा शांत वर्ग

“कालच्या मीटिंगमध्ये मी कशाला हो म्हणालो, मॅडम?”

देवरे सरांनी मला हे विचारलं तेव्हा मी कॉम्प्युटर लॅबमध्ये एका माउसच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळत बसले होते. सर भूगोलाचे, मी संगणकाची. ते तीस वर्षं कॉलेजात, मी तासिका तत्त्वावर आलेली, जेमतेम चार महिन्यांची. तोवर आमचं संभाषण माझा नमस्कार आणि त्यावर त्यांची मान हलणं यापलीकडे गेलं नव्हतं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण थट्टा करताना आणि न करताना सरांचा चेहरा एकच असे, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

मी त्यांना सांगितलं, की तुम्ही डिजिटल अध्यापन समितीचे अध्यक्ष झाला आहात. विद्यार्थ्यांना मोबाईलवरून वर्गात सहभागी करून घेण्याचा उपक्रम कोण हाती घेईल, असं प्राचार्यांनी विचारलं होतं. त्या क्षणी चाळीस प्राध्यापकांना आपापल्या डायरीत वाचण्यासारखं काहीतरी सापडलं. एकटे देवरे सर प्राचार्यांकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. मला सचिव केलं गेलं, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाला कोणी विचारत नाही.

सरांनी हे सगळं माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकलं. मग उठून दार लोटलं.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. आवाज येतो, शब्द येत नाहीत. कॉलेजात कोणाला माहीत नाही. आता तुम्हाला आहे.”

मलाच का सांगितलं, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, की तुमचे ओठ स्पष्ट हलतात. कौतुक म्हणावं तर ते एवढंच, आणि पुढच्या दोन वर्षांतही त्यात भर पडली नाही.

सुकदेव देवरे मूळचे नामपूरचे. उंच, वाकलेले, बाराही महिने पांढरा हाफ शर्ट. खिशाला पेन नसे, लाल-निळी दुतोंडी पेन्सिल असे. ज्याला पेनने लिहायचंय त्याचा विचार पक्का झालेला असतो, असं त्यांचं मत होतं. त्यांचं सगळं जग दिशांनी चाले. डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. स्टाफरूममध्ये “तेवढा नैर्ऋत्येचा पंखा बंद करा” असं ते सहज म्हणत आणि दोन दिवसांत नवा माणूसही बरोबर तोच पंखा बंद करायला शिके. मुलाखतीच्या दिवशी मी त्यांना प्राचार्यांची केबिन विचारली होती. जिन्यावरून पूर्वेला जा, आणि मग उत्तरेकडे तोंड करून वाट बघा, असं ते म्हणाले. वाट मी दीड तास बघितली. तोंड उत्तरेलाच होतं.

वर्गात त्यांची एकच पद्धत होती: प्रश्न. इतर विभागांतली मुलंसुद्धा त्यांच्या तासाला येऊन बसत, असं जुने लोक सांगतात. ते आत येत, फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा एका रेषेत काढत आणि विचारत, की इगतपुरीत माणूस चार महिने छत्री मिटत नाही आणि नामपूरला तीच छत्री उन्हासाठी उघडतो, जिल्हा तर एकच, मग असं का? पोरं उत्तरं फेकत. सर ती उत्तरं एकमेकांवर आपटत. तास संपेपर्यंत सह्याद्री, ढग, वारा सगळं पोरांच्याच तोंडून आलेलं असे. सर स्वतः दहा वाक्यंही बोललेले नसत. अशा माणसाचे कान जाणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज पडू नये. तरी सांगते, कारण मला त्याचं फार वाईट वाटलं होतं आणि तेव्हा ते मी बोलले नाही.

त्यांनी ते लपवलं मात्र हुशारीने. कोणी काही बोललं की “वेगळा मुद्दा आहे” म्हणत. पुन्हा बोललं की “विचार करण्यासारखा आहे” म्हणत. मीटिंगमध्ये मान डोलावत. या मानेपायी ते कँटीन समितीवर गेले, वृक्षारोपण समितीवर गेले, आणि एका वर्षी रांगोळी स्पर्धेचे परीक्षकही झाले. तिथे त्यांनी पहिला नंबर एका मुलीला दिला, कारण तिच्या मोराचं तोंड अचूक ईशान्येला होतं. घरी नामपूरहून भावाचा फोन आला की “काय करी राहिना रे?” एवढं ते आपणच विचारत आणि उत्तराच्या जागी बायकोच्या हाती फोन देत.

वर्गात मात्र मान डोलावून भागेना. एका पोराने चुकीचं उत्तर दिलं, सर “वेगळा मुद्दा आहे” म्हणाले, आणि त्याने तेच परीक्षेत लिहिलं. तेव्हापासून सरांनी प्रश्न विचारणं सोडलं आणि ते वहीतून टिपणं उतरवून द्यायला लागले. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र सुचवलं होतं. एकट्या माणसाशी बोलताना उपयोग होईल, सत्तर पोरांच्या वर्गात पंखेच जास्त ऐकू येतील, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आणि यंत्र कानात दिसलं की ऑफिसात कागद हलणार, हे सरांना ठाऊक होतं. इतिहासाच्या एका सरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना परीक्षा विभागात बसवलं होतं. उरलेली चार वर्षं त्यांनी पुरवण्या मोजल्या. देवरे सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. ती त्यांना वर्गात काढायची होती. माणसाने याहून कमी काय मागावं, मला माहीत नाही.

म्हणून त्या दिवशी मी त्यांना काय शिकवलं ते सांगते. एक साधं ॲप होतं. शिक्षकाने प्रश्न टाकायचा, पोरांनी आपल्या मोबाईलवर उत्तर टाईप करायचं, ते समोरच्या पडद्यावर उमटतं. नाव खरं टाकायची सक्ती नाही. सरांनी सगळं निमूट पाहिलं. मग विचारलं, “म्हणजे पोरगं बोललं की मला ते वाचता येईल?”

मी हो म्हटलं.

“सगळी पोरं?”

मी पुन्हा हो म्हटलं. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला असावा. नंतर म्हणाले, काच खराब झाली होती.

त्यानंतर सात दिवस ते रोज सकाळी लॅबमध्ये आले आणि ॲप असे शिकले, जणू त्यावर स्वतःच परीक्षेला बसणार आहेत. प्रत्येक बटणाचं काम त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने वहीत उतरवलं: चालू करायचं निळ्याने, बंद करायचं लालने. ‘पाठवा’ हे बटण आग्नेयेला आहे अशी नोंद मी स्वतः वाचली आहे.

पहिल्या तासाला मी मागे उभी होते. सरांनी इगतपुरी-नामपूरचा तोच प्रश्न टाकला. पडद्यावर नावं उमटायला लागली: बिनपाण्याचा बोरवेल, हापूस, अदृश्य, प्राचार्य नंबर दोन, मागचा बाक. पोरांना वाटलं, आता सर भडकणार. सरांनी खालपासून वरपर्यंत सगळं वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, “बिनपाण्याचा बोरवेल यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल हापूस यांनी मत द्यावं.”

वर्ग हसला. सरांना ते ऐकू येण्याआधी दिसलं. पुढे वर्षभर ते पोरांशी याच नावांनी बोलत राहिले आणि एकदाही हसले नाहीत. कोण कोणत्या नावाने लिहितं हे मला सॉफ्टवेअरमधून कळत असे. एकदा सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नको. नाव कळलं की मी आधी माणूस बघतो, मग प्रश्न.”

मागचा बाक म्हणजे पूनम गावित. पेठकडच्या एका पाड्यावरची, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहणारी. पहिल्या वर्षी एका तासाला ती बोलायला उठली होती, तेव्हा तिच्या बोलीवर वर्ग हसला. ते पोरं विसरली, ती नाही. त्यानंतर हजेरीलाही ती नुसता हात वर करी, तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर मागच्या बाकाचा प्रश्न आला: ‘सर, आमच्याकडं लय पाऊस पडतो, मंग मार्चात हंडे घिऊन का फिरावं लागतं?’

सरांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर डोंगराचा उभा छेद काढला. खडक कसा आहे, उतार कसा आहे, पाणी थांबतं कुठे, थांबत का नाही, आणि वाहून शेवटी कोणाच्या धरणात जातं, हे सगळं दोन दिवस चाललं. पोरं तुटून पडली होती. पडदा वाचता वाचता सरांची मान दुखली. दुसऱ्या दिवशी तास संपताना ते म्हणाले, “मागचा बाक यांनी जे विचारलं ते मी तीस वर्षांत विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ही माझी चूक आहे.” असं पोरांसमोर म्हणणारा प्राध्यापक मी त्याआधी पाहिला नव्हता. मागच्या बाकावर पूनम वहीत डोकं घालून बसली होती.

सरांचा वर्ग हळूहळू प्रसिद्ध झाला, तो त्याच्या शांततेमुळे. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत परीक्षा चालू आहे. सत्तर पोरं आणि चकार शब्द नाही. पोरं आत येतानासुद्धा बोलत नसत. उशीर झाला तर दारात उभं राहून ‘आत येऊ का सर’ असं ॲपवर टाकत. प्राचार्यांना ही शिस्त फार आवडली. त्यांनी देवरे सरांचा सत्कार केला आणि भाषणात त्यांना तंत्रज्ञानाशी मैत्री केलेले ज्येष्ठ अध्यापक म्हटलं. सरांनी मान डोलावली. मी शालीकडे बघत राहिले, कारण सरांकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

मग कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती यायची ठरली. तीन पाहुणे, दोन दिवस. प्राचार्यांनी दाखवायला एकच वर्ग निवडला, तो देवरे सरांचा. त्यांना चांगली श्रेणी हवी होती आणि त्यात वावगं काही नव्हतं. मी मात्र आदल्या दिवसापासून एकाच गोष्टीचा विचार करत होते. पाहुणे तोंडाने प्रश्न विचारणार. सर काय करणार?

घडलं वेगळंच. सिंहस्थाच्या कामासाठी कॉलेजसमोरचा रस्ता महिनाभर खोदलेला होता. त्या सकाळी खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली. कॉलेजचं नेट गेलं आणि मोबाईलची रेंजही गेली. अकरा वाजता समिती वर्गात येऊन मागच्या बाकांवर बसली. प्राचार्य दारात. पडद्यावर एक गोल फिरत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून नाही म्हटलं. चेहरा नेहमीसारखाच ठेवून सरांनी खडू उचलला.

त्यांनी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला. प्रश्न लिहिला: ‘वणीच्या गडाच्या पश्चिमेला भात आणि पूर्वेला द्राक्षं, असं का?’ मग वर्गाकडे वळून ते उभे राहिले. अडीच वर्षांपूर्वी याच जागी त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं होतं. प्राचार्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता एखादं पोरगं तोंड उघडणार आणि सगळं संपणार.

पूनमने वहीचं मधलं जोडपान फाडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि पान छातीशी धरून ती उभी राहिली. ‘पाऊस डोंगर चढतानाच रिकामा होतो, मंग पूर्वेला कोरडं.’ तिच्या मागोमाग सरर सरर पानं फाटल्याचे आवाज झाले. अर्ध्या मिनिटात निम्मा वर्ग पानं धरून उभा होता. कोणी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा मला समजलं, की पोरांना माहीत होतं. कधीपासून ते मी आजवर विचारलेलं नाही. नुसती शिस्त म्हणून सत्तर पोरं वर्षभर गप्प बसत नसतात, एवढं मला आधीच सुचायला हवं होतं.

सरांनी एकेक पान वाचलं. खालचं पान दिसेना तेव्हा पुढच्या बाकाला म्हणाले, “दक्षिणेकडे सरका आणि अक्षर मोठं काढा.” तास रंगला. समितीच्या अध्यक्षांनी वहीत भरभर लिहून घेतलं. अहवालात पुढे आलं, की नेट नसतानाही सहभागाची पर्यायी व्यवस्था या महाविद्यालयाने विकसित केली आहे. श्रेणी चांगली मिळाली.

निघताना अध्यक्षांनी सरांचा हात हातात घेऊन विचारलं, की आपल्याला शिकवायला किती वर्षं झाली. सर म्हणाले, “पूर्वेला गेलं की कमी होतं.”

पाहुणे खळखळून हसले. केवढा मिश्कील माणूस, असं म्हणत जेवायला गेले. प्राचार्य हसले नाहीत. ते सरांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत दारात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं. मी खोटं बोलले. ते म्हणाले, “मॅडम, मी वाईट माणूस नाही. पण उद्या काही झालं, पालक आले, तर मी काय सांगू?” ते खरंच वाईट नव्हते. सरांना बोलावून त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि जे सांगायचं ते कागदावर लिहून समोर ठेवलं. आजवर कॉलेजात सरांशी इतक्या नीट कोणी बोललं नव्हतं. पुढच्या सत्रापासून देवरे सर परीक्षा विभागात.

त्या संध्याकाळी सर लॅबमध्ये आले. मी काही बोलले असते तरी माझे ओठ त्या दिवशी स्पष्ट हलले नसते. सरच बोलले. “मला चांगलं ऐकू येत होतं ना, तेव्हा वर्गात सहा पोरं बोलायची. तीच सहा, दरवर्षी नवी. मला वाटायचं, वर्ग बोलतोय. बाकीची चौसष्ट मला बहिरा झाल्यावर ऐकू आली.” एवढं म्हणून त्यांनी वही मिटली. “अठ्ठावीस वर्षांची चौसष्ट-चौसष्ट पोरं, मॅडम. ती काय विचारणार होती कोण जाणे.”

भूगोलाला नवे सर आले. कान तीक्ष्ण, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाईल टेबलावर जमा करायला लावले. वर्गात सहा पोरं बोलायला लागली.

परीक्षा विभागाला एक खिडकी आहे, पॅसेजच्या टोकाला. फॉर्म घेणं, शिक्का मारणं, हे काम. सर पुरवण्या मोजत तिथे बसत. महिनाभराने लक्षात आलं, की या खिडकीवर रांग फार असते आणि फॉर्म भरायची तारीख तर केव्हाच उलटून गेली आहे. पोरं मोबाईलवर काहीतरी टाईप करून आत धरत. सर चष्मा वर करून वाचत आणि एखाद्या बाद कागदाच्या पाठीवर उत्तर काढून देत, उत्तर म्हणजे बहुधा नकाशाच. क्लार्कने दोनदा तक्रार केली. सरांनी ती ऐकली नाही, आणि या खेपेला प्राचार्यांनीही ऐकली नाही.

मला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सह्या घ्यायला मी त्या पॅसेजमधून चालले होते. रांगेत पुढे पूनम गावित होती. तिची पाळी आली. तिने हातातला मोबाईल पिशवीत टाकला, खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाने बोलायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक, की माझ्यापर्यंतही आला नाही.

सरांनी पुरवण्यांचा गठ्ठा बाजूला सारला. ते उठले, खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि त्यांनी तळहात कानामागे धरला. इतकी वर्षं त्यांनी तो हात खिशात कोंडून ठेवला होता.

“मोठ्यानं बोल, बाई,” ते म्हणाले. क्लार्कसमोर, शिपायासमोर, सगळ्यांसमोर. “मला ऐकू येत नाही.”

पूनमने एकदा मागे वळून पाहिलं. मग श्वास घेतला आणि आपल्या बोलीत, आख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. कोणी हसलं नाही.